पाळीच्या दोन्ही बाजूंना

साकोली सोडून पूर्वेकडे निघालं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना पाणी दिसू लागतं. फार मोठं नाही. टेकाडाच्या पायथ्याशी एक लांबट चमक, तिच्या काठाला मोहाची चार झाडं, पुढे धानाच्या बांध्या आणि त्या संपतात न संपतात तोच दुसरी चमक. कोलकात्याच्या दिशेने धावणाऱ्या ट्रकवाल्यांना याचं काही कौतुक नसावं. देशावरच्या माणसाला मात्र चुकल्यासारखं होतं. आमच्याकडे तळं म्हणजे गावाला एक, तेही देवळासमोर असलं तर. इथे एकेका गावाच्या शिवारात तीन-तीन तळी आहेत. शिवाय ज्याच्या त्याच्या शेतातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्या.

ही झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया आणि त्यांना लागून असलेला चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग. 1999पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होता आणि भंडाऱ्याची ओळख शाळेच्या भूगोलात ‘तलावांचा जिल्हा’ अशी असे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि बोलताना सरळ ‘मामा तलाव’.

पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की इथे पाऊस वर्षाला तेराशे मिलीमीटरच्या आसपास पडतो, मग पाणी साठवायची एवढी घाई कशाला? उत्तर धानात आहे. इथला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये धो धो कोसळतो आणि मग एकदम पाठ फिरवतो. हलकं धान तोवर निसवून मोकळं होतं. भारी धान, म्हणजे उशिरा येणारं आणि जास्त उतारा देणारं, नेमकं तेव्हा पोटरीत असतं. हस्ताच्या पावसाने दगा दिला तर चार महिन्यांची मेहनत शेवटच्या एका पाण्यावाचून वाया जाते. जमीनही सगळीकडे सारखी नाही. काळी कन्हार पाणी धरून ठेवते, मोरांड बऱ्यापैकी धरते, पण सिहार आणि खरडी दोन-चार उन्हांत भेगाळतात. तळी बांधली ती या शेवटच्या पाण्यासाठी. वर्षभर पाट वाहवण्याचा विचार त्यांत नव्हताच.

कोहमाऱ्याला महामार्ग सोडून दक्षिणेला वळलं की जंगल सुरू होतं, आणि जंगल जरा विरळ झालं की नवेगावबांध. इथला तलाव या सगळ्या कुळातला थोरला, विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर. पाळीवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसत नाही. चहूकडे टेकड्या आणि पाण्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे उत्तरेकडची बदकं यायला लागली होती. काठच्या कमळपानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालले होते.

हे सगळं निसर्गाने केलेलं वाटावं इतकं मुरलेलं आहे, पण पाळ माणसाने घातलेली आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने हा बांध घातला, असं परंपरा सांगते आणि जुन्या गॅझेटियरनेही तेच नोंदवलं आहे. तळ्याजवळ कोलासूर देवाचं ठाणं आहे. तो देव म्हणजे हाच कोलू पाटील. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पाळ पुरी व्हावी म्हणून त्या सातजणींनी हातभार लावला, अशी लोकांची श्रद्धा. बांधकाम खात्याच्या एखाद्या अभियंत्याला लोकांनी देव केल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

कोहळी ही जातच तळी बांधणारी. त्यांचे पूर्वज बनारसकडून आले, ही त्यांच्यातली जुनी सांगी. गोंड राजांचं धोरण असं होतं, की जंगल तोडून तळं बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन. कोहळ्यांनी ती संधी घेतली आणि तळ्यांच्या पाण्यावर धानाबरोबर ऊसही केला. त्यांची नजर विलक्षण असली पाहिजे. दोन टेकाडांच्या मधला उतार हेरायचा, कमीत कमी माती घालून जास्तीत जास्त पाणी अडेल अशी रेघ धरायची आणि वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याच्या पोटात सोडायचा. या सांडव्याला इकडे सलंग म्हणतात. अशी तळ्यांची माळच्या माळ एका ओढ्यावर ओवलेली आढळते. एक भरलं की त्याचं पाणी दुसऱ्याला जातं आणि पुराचा जोर वाटेतच मोडतो.

नवेगावबांधचं नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते बहुधा मारुती चितमपल्लींमुळे. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. मात्र त्यांना इथले पक्षी ज्यांनी दाखवले ते माधवराव पाटील डोंगरवार, कोलू पाटलाच्याच घराण्यातले. पक्ष्यांची गावठी नावं, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा, घरट्यांच्या जागा हे सारं त्या पाटलांना तोंडपाठ होतं. 2025 साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापूरला वारले. तलावाभोवतीचं जंगल 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013च्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. काठावर कुणीतरी रंगीत घसरगुंड्या आणि सिमेंटचे प्राणी मांडून ठेवले आहेत. खऱ्या जंगलाच्या तोंडावर सिमेंटचं हरीण कशाला, हे काही कळलं नाही.

मला पाहायचं होतं ते मात्र एखादं लहान, बिननावाचं तळं. थोरल्या तलावाला पर्यटक असतात, वनखातं असतं. लहान तळ्याला फक्त गाव असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अशी गावं हवी तितकी. त्यांतल्याच एकात ओळखीच्या शिक्षकांनी नेलं. गाव पाळीला पाठ टेकून बसलेलं. पाळीवर चिंच, आंबा, ऐन. एका बाजूला पाणी आणि शिंगाड्याचे वेल, दुसऱ्या बाजूला पाच-सहा हात खाली पिवळं पडत चाललेलं धान. पाळ चढेपर्यंत पाणी दिसत नाही आणि पाण्यापाशी उतरलं की धान दिसत नाही. गावातली माणसंही जवळजवळ अशीच वाटलेली आहेत. खालच्या अंगाला कोहळी, कुणबी, गोंड आणि बौद्ध कास्तकार-मजूर. पाण्याच्या अंगाला मासे धरणारे ढिवर.

पोचलो तेव्हा पाळीवर दहा-बारा माणसं गोळा झालेली आणि आवाज चढलेले. वाद पाण्याचाच. इथे शेताशेताला पाट नसतो. तळ्यातून सुटलेलं पाणी पहिल्या बांधीत शिरतं, ती भरली की दुसरीत, तिथून तिसरीत, असं बांधीतून बांधीत उतरत जातं. त्यामुळे शेजाऱ्याचं शेत हाच तुमचा पाट. पाळीलगतच्या बांधीवाल्याने यंदा हलकं धान लावलेलं. ते कापणीला आलेलं, त्याला शेत कोरडं हवं. खालच्या टोकाच्या चौघांचं भारी धान, त्यांना पाणी हवं आणि तेही आत्ता. त्याच्या उभ्या पिकातून पाणी नेलं तर कापलेल्या कडपा भिजणार. न नेलं तर खालचं धान पोचट राहणार.

तोडगा निघायच्या आतच दोघा तरुणांनी ‘एक भोक तरी उघडून पाहू’ म्हणत तुडुमाकडे माणूस पाठवला. तुडुम म्हणजे या तळ्यांचं पाणी सोडायचं जुनं साधन. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्यांसारखं बांधकाम, ते पाण्यात उतरत गेलेलं. पायरीपायरीला एक भोक आणि त्यात ठोकून बसवलेली लाकडाची खुंटी. भोकांतून पडलेलं पाणी पाळीखालच्या दगडी नळीतून पलीकडे निघतं. पाणी जसजसं उतरेल तसतसं वरून खाली एकेक भोक मोकळं करायचं. त्यामुळे दाब बेताचा राहतो आणि तळाचा गाळ नळीत जात नाही. लंगोट लावलेला एक पन्नाशीचा गृहस्थ छातीभर पाण्यात उतरला, पायाने चाचपून खुंटी शोधली, मग बुडी मारली. वर आला तेव्हा हातात कोपराएवढी काळी, बुळबुळीत खुंटी होती. पाण्यावर लहानसा भोवरा फिरायला लागला. आम्ही पाळ ओलांडून पलीकडे धावलो तर नळीच्या तोंडाशी पोरं आधीच हजर, जुनी मच्छरदाणी ताणून. पहिल्या धारेबरोबर बोटाएवढ्या मासोळ्या आणि झिंगे त्यात येऊन पडले.

पाळीलगतच्या बांधीवाल्याने अर्थातच बोंब मारली. मग खुंटी परत ठोकली गेली. शेवटी ठरलं ते असं: त्याने दोन दिवसांत धान कापून बांधावर घ्यायचं, खालच्यांनी त्याला कापायला माणसं द्यायची आणि मग पहाटेच तुडुम उघडायचं. हा करार कुठेही लिहिला गेला नाही.

पूर्वी तो लिहिलेला असे. इंग्रजी अमलात 1860च्या दशकात जमाबंदी झाली तेव्हा गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून गावाची मालकी मिळाली. गोंड राजांच्या आणि भोसल्यांच्या काळातली तळी अशी मालगुजारी झाली. त्याच वेळी गावकीचे हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नोंदवले गेले: कुणाच्या जमिनीला कुठल्या तळ्याचं पाणी, पाळीची डागडुजी कोणी करायची, मासे कुणाचे. हा भाग मध्य प्रदेशात असताना झालेल्या कायद्याने 1951 साली मालगुजारी संपली आणि तळी सरकारजमा झाली. पुढे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारी जिल्हा परिषदेकडे गेली आणि त्याहून मोठी पाटबंधारे खात्याकडे. पाण्यावर पट्टी लावायचं ठरलं तेव्हा लोक म्हणाले, आमच्या बापजाद्यांच्या हक्काच्या पाण्याला पट्टी कसली? तो तंटा बरीच वर्षं चालला. दरम्यान पाळीवर माती घालायला कोणी येईना. मालक गेला होता, सरकार लांब होतं आणि गावाला वाटे, आता हे आपलं नाही.

जुन्या दिवसांचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांत फारसं सामील व्हावंसं वाटत नाही. तुडुमाखालची पहिली बांधी बहुतेक पाटलाची असायची आणि पाळीवर टोपली वाहणारा हात भूमिहीनाचा. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. तेव्हा तळं फुटलं तर कोणाची मान पकडायची हे गावाला माहीत होतं.

पाण्याच्या अंगाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला एका ढिवर बाईने सांगितली. काठावर जाळं वाळत घातलेलं, शेजारी टोपलीत मरळ, दोन शिंगाळे आणि मूठभर झिंगे. शेतीवाले तळ्यात पाणी किती आहे ते पाहतात. ती पाहत होती ते पाण्याखालचं गवत. चिला, चिऊल, परसूड अशी नावं तिने एका दमात सांगितली आणि प्रत्येकाचा उपयोग सांगितला. कशाला मासोळी अंडी चिकटवते, कशात पिल्लं लपतात, कशाचे कंद पाखरं उकरतात. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवतं, न पेरलेलं रानधान. नांगराचं नसल्यामुळे ते उपासाला चालतं आणि बाजारात चांगला भाव खातं.

हे गवत मधल्या काळात नाहीसं झालं. रोहू, कतला, मृगळ या जाती संस्थांनी तळ्यांत सोडल्या. मासा मोठा, वजन भरपूर, हिशेब सोपा. मात्र हे मासे साचलेल्या पाण्यात पैदास करत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी मत्स्यबीज विकत आणायचं. त्यात सायप्रिनस आणि गवत्या मासा आले, त्यांनी तळातलं गवत उपटून खाल्लं. काठावर बेशरमाची झुडपं माजली. गावठी मासे पहिल्या पावसात चढणीला लागून आपली आपण वाढत. त्यांची वीणच तुटली. उरलंसुरलं काम यंत्रांनी केलं. गाळ काढायच्या योजनेत पोकलेन येतं आणि तळ्याचा सावकाश उतरता काठ खरवडून भिंतीसारखा उभा करतं. कागदावर साठा वाढतो.

“खोल गड्डा केला का मासोरी अंडी कोठी घालंल जी?” ती म्हणाली. पुढे हेही म्हणाली, “सायबाले पानी दिसते. खालचा नाई दिसत.”

यावर उपाय या भागातल्या ढिवरांनीच शोधला, आणि प्रवासात मला सगळ्यांत नवल वाटलं ते याचं. अर्जुनी मोरगाव परिसरात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था मच्छीमारांबरोबर काम करते. कुठल्या तळ्यात कोणती वनस्पती होती, कोणता मासा कशावर जगतो, हे म्हाताऱ्या मच्छीमारांकडून गोळा केलं गेलं. मग बायकांचे गट उन्हाळ्यात तळ्याच्या कोरड्या पोटात उतरले. बेशरम मुळासकट खणली, तळ नांगरला आणि चांगल्या तळ्यातून आणलेली रोपं ओळीने लावली, अगदी धानाची रोवणी करतात तशी. ज्या बायका जुलैत पाटलाच्या बांधीत रोवणी करतात त्यांनीच ती तळ्यातही केली. जिथे हे नीट झालं तिथे गावठी मासे परतले, पाखरंही परतली. कोणत्याही खात्याच्या पुस्तकात पाणगवताच्या रोवणीचं कोष्टक नसेल. शिवाय वर्षानुवर्षं मासेमारी संस्थांच्या सभासदवहीत बायकांची नावं फारशी नसत. जाळं पुरुषाचं, म्हणून संस्था पुरुषाची. मासे विकायला बाजारात मात्र टोपली घेऊन बाईच.

ढिवर फक्त मासेच धरतात असंही नाही. टोपलीवालीचा दीर जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतो. या भागात कोसा रेशमाचं हे काम ढिवरांकडे परंपरेने आहे. अळ्या उघड्या झाडावर वाढतात, म्हणून महिना-दीड महिना गलोल घेऊन पाखरं हाकलत झाडाखाली बसावं लागतं. एकाच घरात दीर पाखरं हाकलतो आणि भावजय पाखरांना आवडणारं गवत लावते, हे मी बोलून दाखवलं तर ती खळखळून हसली.

तिथून पुढे गोठणगावकडे. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण 1970चं. भिंत पाहिली की काळ बदलल्याचं लगेच कळतं. याचे कालवे वडसा-आरमोरीपर्यंत, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात जातात. कोणाच्या धानाला पाणी द्यायचं हे पाळीवरच्या चिंचेखाली ठरत नाही. पाणी भरपूर आहे, निळंशार आहे आणि त्याच्याशी बोलायला जवळपास कोणी नाही. खरं सांगायचं तर इथे मी फार रेंगाळलो नाही.

रेंगाळलो ते शेजारच्या तिबेटी वसाहतीत. मोहाच्या झाडांमधून अचानक पाच रंगांच्या पताका फडफडताना दिसतात आणि पांढरा स्तूप. नोर्ग्येलिंग ही निर्वासितांची वसाहत 1972 साली इथे वसली. हिमालयापलीकडून आलेली माणसं मे महिन्यात सहज चाळीस अंश ओलांडणाऱ्या पूर्व विदर्भात! पहिल्या पिढीने जंगल साफ करून धान लावायला शिकून घेतलं. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरची दुकानं लावायची आणि पावसाळ्यात घरी परतायचं, असा पुष्कळांचा क्रम. मठात पोरं घोकत होती. बाहेर एक वृद्ध गृहस्थ जपमाळ ओढत बसले होते. मी हिंदीत सुरुवात केली तर त्यांनी मराठीत, तेही इकडचा ‘जी’ लावून, रानडुकरांनी धानाची केलेली नासधूस सविस्तर सांगितली. विषय तिबेटवर यावा म्हणून मी दोनदा प्रयत्न केला. ते दोन्ही वेळा डुकरांवर परतले.

याच परिसरात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची मोठी जत्रा भरते आणि त्याच डोंगराच्या आसऱ्याने ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. यात्रेकरू दोन्हीकडे जातात. म्हणजे एवढ्याशा टापूत कोलासूर, महादेव, दर्गा, बुद्धविहार आणि तिबेटी मठ. याचं कोणाला काही विशेष वाटत नाही, त्यामुळे मीही फार वाटून घेतलं नाही.

पाळीवरच्या गावात परत आलो ते मंडईसाठी. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, पाहुण्यांनी घरं भरतात. दिवसा बाजार, रात्री दंडार नावाचं लोकनाट्य आणि नाटक. मोठी नाटकं वडशाच्या कंपन्यांची. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं, आणि हंगामात तिथल्या कंपन्यांच्या तारखा मिळता मिळत नाहीत. तिकीट काढून हजारो माणसं उघड्यावर, थंडीत, घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. पुण्या-मुंबईच्या नाट्यव्यवसायाने इकडे येऊन एकदा शिकवणी लावावी. या मुलखाच्या बोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला. तिचा ठसका ऐकायचा तर मात्र दंडार पाहावी. ती गावचीच माणसं करतात आणि बायकांची कामंही पुरुषच करतात.

बाजारात टोपलीवाली भेटली, सुके झिंगे घेऊन. भावात तिने सूट दिली नाही. पाळीलगतच्या बांधीवाल्याचं धान कापून झालं होतं. कबूल केल्याप्रमाणे खालच्यांनी माणसं दिली होती, कडपा बांधावर नीट रचलेल्या होत्या. पहाटे तुडुम उघडायचं, असं मंडपात दोघातिघांनी पुन्हा एकमेकांना बजावलं. पण खुंटी काढणारा गृहस्थ त्या रात्री दंडारीत राणी होता. नाच सूर्य उगवेपर्यंत चालला, मग त्याला तोंडावरची मुरदाडशिंगी धुवायची होती, मग तो झोपला. पाणी सुटलं ते दुपारी तीनला आणि तोवर खालचे चौघे त्याच्या दारात बसून होते.